अंगठा आणि भट्टी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मध्येच "बरं ताई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. पायाचा अंगठा पुन्हा सुजला, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही, बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहणं आता या जन्मी जमणार नाही, असं परवा म्हणालास. आणि दोष कुणाला, तर डॉक्टरांच्या नव्या गोळीला! ती सुरू केली नि दुखणं वाढलं, म्हणून सगळ्या गोळ्या कचऱ्यात. शाबास!

मी नळ दुरुस्त करते, माणसं नाही. पण ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं विचारून आले. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साठतात. तुझी गोळी ते मुळात कमी तयार होऊ देते. दुसऱ्या काही गोळ्या मूत्रपिंडाला ते जास्त बाहेर टाकायला लावतात. पातळी उतरली की जुने खडे विरघळू लागतात, आणि नेमका तेव्हाच, सुरुवातीचे काही महिने, ठणका उठू शकतो. बाबांच्या हाताखाली आपण जुन्या पाइपांतला क्षार काढायचो, आठवतं? आधी गढूळ पाणी यायचं आणि गिऱ्हाईक ओरडायचं, तुम्ही नळ बिघडवलात! बाबा नुसते हसायचे आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ सोडून ठेवायचे. आज ते गिऱ्हाईक तू आहेस.

तो ठणका उठू नये म्हणूनच तर डॉक्टरांनी सोबत छोटी गोळी दिली होती. दुखत नाही तर कशाला, म्हणून तू ती घेतलीच नाहीस. अतिशहाणा कुठला! उद्या डॉक्टरांकडे जा, खरं काय ते सांग, आणि पुन्हा कसं सुरू करायचं ते त्यांनाच विचार. पाय ताळ्यावर येईल, मला जराही शंका नाही.

आता लिहिण्याचं खरं कारण. काल एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. एक बेकरी विकत घेतोय, तिथले पाइप तपासून द्या, म्हणाले. पत्ता सांगितला तो तुझा. मला एका शब्दानं न सांगता! मग मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की पाइप उत्तम आहेत, भट्टी उत्तम आहे, मालकाचा पाय तेवढा दुरुस्तीला गेलाय. तो परत आला की भट्टी मालकच पेटवणार, तुम्ही दुसरी बेकरी बघा. चिडला असशील तर खुशाल भांडायला ये. फक्त स्वतःच्या पायांनी चालत ये.

वाट बघतेय,
तुझीच ताई