पाकीट कापायचं की पातेलं चढवायचं

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलेला समज). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्याची वर्णनं, दोन्ही उतरणीला लागली असतील अशी आशा करते. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

कारखाना बंद झाला आणि त्याबरोबर आमच्या ह्यांचं कँटीनही, हे तुला कळलंच आहे. हातात पडलेली रक्कम पुन्हा पडायची नाही, म्हणून मी ठरवलं की खाण्याचंच दुकान काढायचं, पण त्या नावाजलेल्या सूपवाल्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन. पाटी त्यांची, चव त्यांची, आणि गिऱ्हाईक पाटी बघूनच आत येणार. ह्यांचं म्हणणं, दुकान स्वतःचं हवं. आता हा माणूस चुलीपाशी देव आहे हे मी मान्य करते (त्यांच्यासमोर नाही). पण कँटीनमध्ये रोज एकच पदार्थ व्हायचा आणि रांगेतल्याने मुकाट ताट पुढे करायचं. ‘तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्न ह्यांनी जन्मात कुणाला विचारलेला नाही. मला तर मुळीच नाही. लग्न झाल्यापासून घरातही रांधतात तेच, आणि मीही ताट पुढे करते.

तर मी आधी त्यांना कंपनीच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे सूप गोठवलेल्या पाकिटातून येतं. कात्रीने कोपरा कापायचा, गरम करायचं, ओतायचं आणि हसायचं (हसण्याचा वेगळा तास होता). शिकवणारी मुलगी गोड स्वभावाची. ह्यांनी सवयीने चमचा तोंडाला लावला, तर म्हणाली, “काका, चाखायची गरज नसते, ते बरोबरच असतं.” ह्यांचा चेहरा तिथेच पडला. गिऱ्हाइकाला ‘आपल्याला काय आवडेल?’ म्हणायचं पाठ करून घेतलं, पण ह्यांच्या तोंडून दर वेळी ‘घ्या, गरम आहे’ एवढंच निघायचं. शेवटी खिशात घरून नेलेली मिरपूड सापडली आणि मला बोलावणं आलं. खोडकर पोराच्या आईसारखी मान खाली घालून बसले बघ.

मग ह्यांच्या मनासारखंही व्हावं म्हणून घरमालकांकडून तळमजल्यावरची रिकामी खोली आठवडाभर मागून घेतली. मी हौसेने फळ्यावर चार सुपं लिहिली. ह्यांनी केलं एकच, कारण चार छोट्या भांड्यांत चार सुपं म्हणजे त्यांच्या मते भातुकली. बँकेतल्या एक बाई टोमॅटोचं मागायला आल्या. ह्यांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, “झोप झालेली नाही तुमची,” म्हणाले आणि मसुराचं वाढलं. घरमालकांना भोपळा चालत नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी भोपळ्याचंच मिळालं. ते दोन वाट्या संपवून वर भांडून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चारचौघांत ह्यांच्यावर ओरडले, “अहो, लोकांना विचारा तरी काही!”

ह्यांनी एप्रन खुंटीला लावला आणि म्हणाले, “तू म्हणतेस तर कंपनीत सही करतो. कात्री काय, कुणालाही चालवता येते.” त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे. घरात मी रांधते आणि ते मी वाढलेलं निमूटपणे खातात. मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणत नाहीत. ताई, मला हे बघवत नाही गं. पण पैसे बुडाले तर तेही बघवणार नाही. म्हणून तू, त्यांची थोरली मेहुणी, त्यांना दोन ओळी लिही की कंपनीच बरी. तुझं ते ऐकतात. पुढच्या सोमवारी सही आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं पत्र रद्द समज. मी ते टाकायला निघाले, तेव्हाच खोलीची किल्लीही परत करणार होते. बघते तर बंद दारासमोर रांग. सर्वांत पुढे घरमालक, घरची वाटी घेऊन! काय काय आहे असं कुणीच विचारलं नाही, सगळ्यांचं एकच, “आज काय आहे?” बँकेतल्या बाई म्हणाल्या, “दिवसभर मी लोकांना काय हवं ते विचारते. इथे कुणी विचारत नाही, तेवढाच जिवाला आराम.” मी वर जाऊन ह्यांच्या हातात एप्रन दिला. पाटी रंगवायला टाकली आहे: ‘आज जे आहे ते’.

ता. क. २. घरात जागा नाही म्हणून माझं लग्नातलं मोठं पातेलं तुझ्या गळ्यात मारलं होतं, ते लगेच पाठव. त्यात तू रोपं लावली आहेस हे मला ठाऊक आहे. काढायला वेळ नसेल तर रोपांसकट पाठव, हे त्यांचंही काहीतरी करतील.

ता. क. ३. आत्ता पाकीट चिकटवत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले. एप्रनची नाडी चाळवत म्हणाले, “उद्या पहिला दिवस. तुला काय आवडेल?” ताई, इतकी वर्षं ह्या प्रश्नाची वाट पाहिली आणि ऐन वेळी मला एका पदार्थाचं नाव आठवेना. डोळे पुसत म्हटलं, “जे असेल ते.”