प्रमाणासाठी माणूस

३ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. मे महिन्यात मोहीम: हिमनदी, घनदाट जंगल, निर्जन तळं. एकट्याने. संकल्प: रोज चारला उठणे, कारण खरा प्रकाश पहाटेच असतो. आज सहाला उठलो, पण पहिलाच दिवस आहे.

९ जानेवारी
नवी लेन्स आली. बाबा कोट घालून, केस विंचरून समोर येऊन बसले. म्हणाले, माझा एक नीट फोटो काढ. आहे तो बसच्या पासावरचा, त्यात कपाळावर शिक्का. समजावलं, ही लेन्स निसर्गाची, माणसांवर चालवली की हात बिघडतो. मोहिमेनंतर बघू. बायको म्हणाली, डोंगर कुठे पळून चाललेत? तिला यातलं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी
चारला उठणं अजून जमलेलं नाही. बाबा गजर बंद करत असावेत. ते त्या वेळी जागेच असतात.
मोहिमेचे बूट घरात घालून सवय करतोय. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या. अशा लोकांमुळेच कलावंत डोंगरात जातात.

१६ फेब्रुवारी
रविवार. बाबा पुन्हा कोटात. मी पेपर वर धरला.

८ मार्च
गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत सराव. भव्य दृश्यात प्रमाण कळायला कुठेतरी एक माणूस बारीक दिसावा लागतो. बायकोने नाही म्हणून सांगितलं. बाबा मात्र ताबडतोब तयार. कोटाला इस्त्री केली, दाढी केली, वर पावडर.
खाणीच्या पलीकडच्या टोकाला एका झुडपाजवळ त्यांना पाठवलं. अजून मागे, अजून मागे, असं हाताने सांगत राहिलो. गुडघ्यांमुळे फार वेळ घेतात. तिकडून ओरडून विचारलं, "अरे, इतक्या लांबून चेहरा येईल ना?"
"येतोय! हलू नका!"
चेहऱ्याचा तिथे संबंधच नव्हता, पण मॉडेलचा उत्साह टिकवावा लागतो. ढग जागेवर यायला तास गेला. बाबा उभेच होते. बहुधा हसत होते.
फोटो अप्रतिम.

११ मार्च
बाबांना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. मग म्हणाले, "खाण छान आलीय."
घरात कदर असलेला एकच माणूस.

१९ एप्रिल
रजा मंजूर! मात्र बाबांना दम लागतोय. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. नेमकं आत्ताच.
ट्रायपॉड पोचला. पाय घट्ट आहेत, बाबांना धरून उभं राहता आलं.

२७ एप्रिल
बाबा पलंगावर कोट घालून बसले होते. बटणं बायकोने लावून दिली म्हणे. म्हणाले, आता काढ. खिडकीतला प्रकाश सपाट होता, म्हटलं संध्याकाळी बघू. संध्याकाळी बॅटरी चार्जिंगला. बायकोने कोटाची बटणं परत काढून दिली. तिला हळूहळू पटत चाललंय.

२ मे
बाबा गेले. रजा यातच जाणार.

५ मे
ताई आली. म्हणाली, भिंतीवर लावायला फोटो दे, तू तर फोटोग्राफर. कॉम्प्युटर उघडला. ढग, पाण्याची टाकी, टाकीवर ढग. बाबांचा एकच: खाणीतला.
लॅबवाल्याने मोठा करून पाहिला, अजून मोठा केला. "साहेब, हा माणूस आहे का खांब?" त्याला प्रमाणाचं तत्त्व समजावलं. तो म्हणाला, तत्त्व बरोबर आहे, नाक नाही.

६ मे
बायकोने पासावरचा फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. कपाळावर अर्धा शिक्का. प्रकाश सपाट, पार्श्वभूमी शून्य. ताई त्याच्यासमोर बसून रडली. लोकांची अभिरुची.
दोघी माझ्याशी बोलत नाहीत. मन लावून काम करायला शांतता बरी.

१५ मे
आज मी तळ्याकाठी असणार होतो. ऑफिसात होतो.
खाणीचा फोटो माझ्या टेबलावर लावलाय. घरात खरा फोटो हाच. रात्री भिंग घेऊन बसलो. दोन काळे ठिपके आहेत, शेजारी शेजारी. डावीकडचे बाबा.
किंवा ते झुडूप असेल.