पडद्यावर सव्वातीन

४ मार्च

शी! वाचनालयातला पहिला कॉम्प्युटर उघडला. पंख्यावर बोटभर धूळ, तीही तेलकट, आणि कोपऱ्यात झुरळाची वाळकी अंडी. याच यंत्रावर माणसं नोकरीचे अर्ज भरतात! दुरुस्तीवाले काका हसले. "एकोणीस वर्षं इथं आहे पोरी, झुरळं माझ्याही आधीची. त्यांना विचारून हात घाल." मला नाही हसू आलं. मी इथं सहा महिन्यांची हंगामी, पण सांगून टाकलं — मेमरी मीच वाढवणार. काकांनी फक्त मेमरीच्या पट्ट्या आणून द्यायच्या.

५ मार्च

दोन कॉम्प्युटर झाले. अंगातली वीज पट्टीला लागू नये म्हणून आधी उघड्या पत्र्याला हात लावायचा, मग पट्टी कडेला धरून टक् वाजेपर्यंत दाबायची. नखांत काजळी, नाकात धूळ. आई म्हणते, "पदवी घेऊन हेच करायचं होतं, तर बाबांचं गॅरेज काय वाईट होतं?"

७ मार्च

आठही कॉम्प्युटर झाले. प्रत्येकात चार-चारच्या दोन पट्ट्या, म्हणजे आठ जीबी. आणि पडद्यावर? सव्वातीन! सगळ्यांवर सव्वातीन! म्हणजे एकेक पट्टी खोटी. आणल्या कोणी? काकांनी. धुळीची आली नव्हती एवढी किळस आली. गरजूंच्या यंत्रातही हात मारायचा?

८ मार्च

काकांना तोंडावर विचारलं. "पट्ट्या चांगल्या आहेत. नीट बघ तरी." चोराच्या उलट्या बोंबा! वाचनालयाच्या प्रमुख बाईंना लेखी तक्रार दिली.

१० मार्च

काकांना काढलं. जाताना स्वतःची हत्यारांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. "लाल स्क्रू-ड्रायव्हर वापरू नकोस, आटे खातो." बस, एवढंच.

१२ मार्च

कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, पहिला काळा पडदा दोन सेकंद येतो. आज प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. मेमरी — आठ. दुसऱ्यावर आठ. तिसऱ्यावरही!

पट्ट्या खऱ्याच आहेत. यंत्रातली विंडोज जुनी. तिला चारच्या वर मोजताच येत नाही, आणि त्यातलीही थोडी जागा यंत्राच्या बाकी भागांसाठी जाते; उरतात सव्वातीन. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते! आणि इथं एका माणसाला चोर ठरवून मोकळी झाले. माझी मलाच शिसारी येते.

१३ मार्च

प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. "अगं, कागद वर गेले. त्यांच्या जागी तुझं नाव दिलंय, कायमचं. तक्रार खोटी होती म्हणालीस तर तूही घरी बसशील, आणि त्यांना परत घेतील असंही नाही. परवा सही करायला ये."

आईला सांगायचं होतं. नोकरी कायम होतेय, एवढंच सांगितलं.

१५ मार्च

सही केली. बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत — "पोरीनं स्वतःच्या अकलेवर मिळवलंय!"