तांब्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन

बाबा,

आज अकरावीच्या वर्गात एका मुलीने मला तुमचा प्रश्न विचारला. तुम्ही होतात तेव्हा ज्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तिथेच अजून आहे, पुण्याबाहेर मांजरी गावात. भोवतालचा ऊस बराचसा गेला आणि इमारती आल्या, एवढाच फरक. मी फळ्यावर सोडियम आणि तांब्याच्या अणूंची कवचं काढली होती. एरवी तोंड न उघडणारी, जवळच्याच वाडीवरून येणारी मुलगी उभी राहिली. "मॅम, सोडियमच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन हाय, तांब्याच्या पण एकच. मग सोडियम पाण्यात टाकला की पेटतो, आणि आमचा तांब्याचा हंडा का नाय पेटत?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. उत्तर दोन-तीन मिनिटांत देऊन टाकलं, पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये तपासायची जर्नल्स बाजूला सारली आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

मी अकरावीला गेले ते वर्ष आठवतंय का? खडकीच्या क्वार्टर्समध्ये आपल्या मजल्यावर सायन्सला जाणारी मी एकटीच. मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली येणारी मुलगी शहरातल्या कॉलेजात गेली आणि पहिल्याच चाचणीत पंचवीसपैकी सात मार्क घेऊन आली. रविवारी तुम्ही सायकल काढून बुधवार पेठेत गेलात आणि शाळेचं विज्ञानाचं जुनं, कोपरे दुमडलेलं मराठी पुस्तक घेऊन आलात. मला वाटलं माझ्यासाठी आणलंय. ते तुम्ही स्वतःसाठी आणलं होतं. दहावी होऊन अमरावतीकडून कारखान्यात लागलेला माणूस, पितळ वितळवणाऱ्या विभागात वीस वर्षं काढलेला, आता पहाटे पहिल्या पाळीला जायच्या आधी आईच्या ओट्याला टेकून अणुक्रमांक पाठ करत होता. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "परीक्षा कोनाची आहे, तुमची का पोरीची?"

मग एका रविवारी तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर रकाने आखलेत. "हे पाय, ज्याच्या पोटात जितके प्रोटॉन, तितवा त्याचा नंबर. आडव्या ओळीत चाललं की एकेक प्रोटॉन वाढते. उभ्या ओळीत उतरलं की शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन तितकेच राहते, म्हणून स्वभाव सारखा." पहिल्या गणातले सगळे आपला एक इलेक्ट्रॉन कुणाला तरी देऊन टाकायला टपलेले. शेवटच्या गणातल्या राजवायूंचं सगळं भरलेलं, त्यांना कुणाची गरज नाही. "हे पेठेतले जुने पुणेकर," तुम्ही म्हणालात आणि आई हसता हसता तव्यावरची भाकरी विसरली. कॉलेजात महिनाभर जे डोक्यावरून गेलं होतं, ते त्या एका सकाळी माझ्या डोक्यात बसलं. तुम्हाला सगळ्यात आवडली होती ती तांब्या-जस्ताची शेजारी घरं. एकोणतीस आणि तीस. "आम्ही भट्टीत ज्याईले एकत्र करतो, ते इथंही लागूनच. अन् एका प्रोटॉनाच्या फरकानं एक लाल, एक पांढुरकं."

पुढच्याच आठवड्यात सरांनी मला उभं करून विचारलं, इलेक्ट्रॉन कुठे असतो. मी ताठ मानेने तुम्ही शिकवलेलं सांगितलं, ठरलेल्या वर्तुळात केंद्रकाभोवती फिरतो. सर चष्मा पुसत म्हणाले, "छान. आपण अजून सातवीतच आहात वाटतं." सत्तर मुलं हसली. घरी आले तेव्हा तुम्ही पाळीवरून येऊन मोरीत हात धूत होता. कितीही साबण लावला तरी त्या हातांचा पितळेचा वास जायचा नाही. टॉवेलला हात पुसत तुम्ही मोठ्या उत्सुकतेने म्हणालात, "एक विचारायचं होतं तुले. सोडियमले शेवटी एक, तांब्यालेही शेवटी एक. मंग तांबं पाण्यात पेट काहून घेत नाही? दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही." आणि मी म्हणाले, "बाबा, मला शिकवत जाऊ नका. तुम्ही सांगता ते चुकीचं असतं. आणि ते तुम्हाला नाही कळणार."

तुम्ही टॉवेल दोरीवर नीट पसरलात. "बरं," म्हणालात. तेवढंच. त्यानंतर रविवारी पाट मांडला गेला नाही. रागावलाही नाहीत, उलट माझ्या कॉलेजच्या डब्याला उशीर होऊ नये म्हणून आईलाच घाई करायचात. मी नोकरीला लागले तेव्हा आवर्तसारणीचा भिंतीवर लावायचा तक्ता वर्तमानपत्रात गुंडाळून दोन बस बदलत माझ्या खोलीवर घेऊन आलात. "मले यातलं कळत नाही," तुम्ही दारातच म्हणालात, "पण तुले वर्गात लागंल." मी चहा टाकला. तुम्ही खुर्चीवर बसून तो तक्ता पुन्हा पुन्हा सरळ करत होतात, त्याच्या कडा परत परत वळत होत्या. त्या दुपारी मी सांगू शकले असते. आपण पाण्याच्या मीटरबद्दल बोललो.

तर आता सांगते. तुमचं फार चुकलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरत नाही, तो कुठे सापडण्याचा संभव जास्त एवढंच सांगता येतं. पण कवचं असतात आणि तुमचे रकाने त्यांच्यावरच उभे आहेत. सोडियमच्या पोटात प्रोटॉन अकरा, आणि बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला आतल्या दहांचा चांगला आडोसा असतो, म्हणून तो सहज सुटतो. तांब्याच्या पोटात प्रोटॉन एकोणतीस. त्या शेवटच्या इलेक्ट्रॉनच्या खालच्याच कवचातल्या अठरांपैकी दहा इलेक्ट्रॉन असे बसलेत की त्यांचा आडोसा तोकडा पडतो. केंद्रकाची ओढ बाहेरपर्यंत पोचते आणि तो एकटा जीव घट्ट धरला जातो. म्हणून हंडा शांतपणे पाणी साठवतो. दोन दिवस डोक्यात घोळवावा असाच प्रश्न होता तो, बाबा. सत्तर मुलांच्या वर्गात तो एकालाही पडला नव्हता.

हे पत्र आईला दाखवणार नाही, ती रडेल. या जर्नलच्या ढिगाखाली दोन दिवस राहील आणि मग मीच फाडेन. एक राहिलं. त्या दिवशी तुम्हाला कळणार नाही म्हणाले ना, तेव्हा उत्तर मलाच येत नव्हतं. ते बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात कळलं. तेव्हाही घरी येऊन सांगितलं नाही, कारण मग हेही सांगावं लागलं असतं.