हिनेकची टाकी कुणी उघडायची

मी, द्राहोमीरा ब्रेझिनोवा, वय अडुसष्ट, कै. यारोमीर ब्रेझिना यांची पत्नी, राहणार पीसेक, चेक प्रजासत्ताक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसेल, पुढचं सांगता येत नाही. डोकं ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा मनाचं विचारत नाही.

कलम १. घर आणि मागची बाग माझे दीर लुबोश यांना मिळावी. दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून. बँकेतल्या पैशांतून माझी अंत्यक्रिया करावी आणि उरेल त्यातून पाद्रीबाबांनी चर्चच्या घंटेची दोरी बदलावी. माझ्या मुलाच्या दफनाच्या वेळी ती घंटा मध्येच थांबली होती, ते मी विसरलेले नाही.

कलम २. तळघरातल्या टाकीला मात्र लुबोशभावजींनी हात लावू नये. माझा मुलगा हिनेक याने केलेली लागर बिअर तिथे मुरते आहे. यंदा फेब्रुवारीत त्याने टाकीची झडप बंद केली. मार्चमध्ये त्याची मोटरसायकल बर्फावर घसरली आणि माझं पोर गेलं. उन्हाळ्यात भावजी नरसाळं घेऊन हजर.

"वहिनी, कसले हे चोचले! ओता बाटल्यांत आणि व्हा मोकळ्या. बिअरच आहे, तीर्थ नाही."

"नरसाळं ठेवा खाली, नाहीतर तेच डोक्यात घालीन," मी म्हटलं.

भावजी, पुन्हा एकदा सांगते. वरून ओतली की बिअरमध्ये हवा मिसळते, आणि मग काही दिवसांतच तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. माझ्या मुलाच्या हातची ही शेवटची चव आहे. ती मी नासू देणार नाही.

कलम ३. बाटल्या, नळ्या आणि कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर ब्लांकाला द्यावा. ब्लांका हिनेकची होणारी बायको. त्या दिवशी तिलाच आणायला तो स्टेशनवर निघाला होता. तिची काही चूक नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तिच्याशी बोलवेना, काय करू? पण हवा न लागू देता बाटल्या भरायचं काम तिलाच येतं. आधी बाटलीत तो वायू सोडून आतली हवा हाकलायची. मग हिनेक नळी तळाला टेकवून संथ भरायचा, जराही खळखळ नाही. ही बाटलीच्या मानेला टिचकी मारायची, फेस तोंडाशी आला की त्या फेसावरच बूच दाबायची, म्हणजे हवेला जागाच उरत नाही.

"अगं, फेस बसला! झोपलीस काय?"

"तूच भराभर सरकवतोस, घोड्या! मला काय चार हात आहेत?"

मी वर बटाटे सोलत हे ऐकायची. एवढं सुखाचं भांडण या घरात दुसरं झालं नाही.

कलम ४. टाकीतली बिअर माझ्या मृत्यूनंतर ब्लांकाने भरावी.

कलम ४ रद्द. शेजारीण ओतिलिए वाचून म्हणाली, "बाई गं, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. बिअरने तोवर ताटकळायचं? की मरायचा मुहूर्त काढून ठेवलायस?"

मग आज ब्लांकाला फोन केला. मार्चनंतर पहिल्यांदाच. ती म्हणाली, "काकू, झडप कुणी उघडली नाही ना?"

"नाही गं पोरी."

"मग मी शनिवारी येते. नळ्या नव्या आणते, जुन्या हवा धरतात. बूच लावायला तुम्ही बसाल?"

बसेन म्हटलं.

कलम ५. बाटल्या आठवण म्हणून जपू नयेत. कितीही निगुतीने भरली तरी थोडी हवा आत राहतेच. नाताळच्या आत पिऊन टाकाव्यात.

टाकी भरलेली होती तोवर पोरगं काम अर्धवट टाकून गेलंय, पुरं करायला येईल, असं स्वतःला सांगता यायचं. शनिवारी त्याचं काम संपेल. ते मला सोसेल की नाही, देव जाणे. म्हणून सही आजच करते.

पीसेक, २२ ऑक्टोबर २०१९
(सही) द्राहोमीरा ब्रेझिनोवा

साक्षीदार, दोघांच्या देखत सही झाली:
ओतिलिए माश्कोवा, शेजारीण
डॉ. बोर्झिवोय क्लिमेश