आईच्या पावट्याचं बी

९ फेब्रुवारी
म्हसवडला जाऊन आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. भाऊ परसात फरशी टाकतोय, गाडी लावायला. आईचा पावट्याचा वेल उपटून कडेला टाकलेला, शेंगा वाळून खडखडीत. शेंगेच्या कडेला जांभळी रेघ असलेला हा पावटा मी दुसरीकडे कुठं बघितला नाही. तोडायला बसले तर भाऊ म्हणतो, "आक्के, बाजारात लय मिळतंय बी. ह्ये कशाला येचत बसलीस?" पदरात मावल्या तेवढ्या शेंगा रहिमतपूरला आणल्या.

११ फेब्रु.
शेंगा सोलल्या. ओंजळभर बी. सुपात घालून गच्चीवर उन्हात. दाताखाली धरून बघितलं, अजून मऊ. कबुतरांवर लक्ष ठेवायचं काम ह्यांच्याकडे. फौजेतून रिटायर होऊन आलेत, पण ड्यूटी लावली की सुभेदार खूश. काठी घेऊन बसले.

१४ फेब्रु.
बी वाळलं, दाताखाली कट्कन वाजतं. आता राख पाहिजे. आई राखेत घोळूनच ठेवायची, म्हणजे भुंगा लागत नाही. पण गल्लीत सगळ्यांकडे गॅस, चिमूटभर राख मिळेना. हे म्हणाले, "तू नगं काळजी करू. मी बघतो की."

१५ फेब्रु.
नणंदेकडे कोरेगावला गेले होते. संध्याकाळी आले तर हे दारातच उभे. काम फत्ते म्हणे. गुऱ्हाळावर जाऊन चुलवाणातली राख आणली, बी घोळलं, डब्यात भरलं. डबा हातात घेतला, तर गरम.
"राख गार हुती का?"
"वरनं गारच हुती की."
झाकण काढलं. भाजल्या शेंगांचा वास. राखेत बोट घातलं, चटका बसला. आत निखाऱ्याचे कण धगधगत होते. बी काळपट पडलंय.
"हवा जाऊ नये म्हणून झाकण टाईट लावलं," एवढंच म्हणाले.
पिठलं-भाकरी केली. जेवलो.

१६ फेब्रु.
सकाळी रडले. आई गेली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. ह्यांना ऐकू गेलं असणार, त्यांनी मोरीतला नळ उगीच चालू ठेवला होता. राग आहेच. सांगितलं असतं गुऱ्हाळवाल्याला, तर त्यानं कालची राख दिली असती. पण सुभेदार विचारतील कशाला.
बी निवडलं. बऱ्या रंगाचे चार-पाच दाणे निघाले. ते कागदात बांधून देवघरात.

२० फेब्रु.
भावाला फोन. आईनं कुणाला बी दिलं होतं का?
"आई कुणाला न्हाई म्हणत हुती व्हय? पण बायका बी नेत्यात आन् आमटी करत्यात."
हसू आलं. खरंच आहे ते.

३ मार्च
ह्यांनी बाजारातून पावट्याचं बी आणलं. कागदी पुडी, तोंडाला पिन. "ह्ये पण पावटाच हाय," म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी ती फळीवर ठेवून दिली.

१० जून
मृग लागला. देवघरातले दाणे भिजत घातले. एक सोडून सगळे बुळबुळीत झाले, टाकून दिले. तो एक मोठ्या कुंडीत लावला. हे लांबून बघत होते.

१४ जून
काही नाही. पाणी घालायला गेले तर माती आधीच ओली.

१८ जून
काही नाही. नणंद म्हणाली, "वयनी, आता सोडा तो नाद." सोडला म्हटलं. परत जाऊन कुंडी बघून आले.

२३ जून
कोंब आला. एकच. माती उचलून, मान वाकडी करून.
हे चपला न घालताच मला बोलवायला आले. "आलं बग तुज्या आईचं!" डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मलाही भरून आलं.
दुपारी डाळीचा डबा काढताना फळीवरची पुडी दिसली. पिन निघालेली. मी तर त्यानंतर हात लावला नव्हता. दाणा कुंडीत मधोमध लावला होता की कडेला, आता आठवत नाही. शेंगेला जांभळी रेघ येते का, त्यावरूनच कळेल, म्हणजे थंडीत.
हे बाहेरून विचारत होते, वेलाला सुतळी आत्ताच बांधू का. म्हटलं, बांधा.
पुडीला दुसरी पिन मारली आणि होती तिथं ठेवली.