निळ्या टोपणाची नळी आणि राहते घर

मी, जीवाणूंच्या प्रथिनांवर चौतीस वर्षे काम केलेला निवृत्त संशोधक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टंकलेखकाकडे दिले नाही, कारण त्याचा मेहुणा माझ्या जुन्या प्रयोगशाळेत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला. नाडी पाहताना त्यांचे लक्ष खिडकीबाहेर होते, याची नोंद असावी.

१. सूक्ष्मदर्शक मुलीला. जावयाने त्याची चौकशी दोनदा केली आहे, म्हणून फक्त मुलीला.

२. घरच्या फ्रीझरमधील निळ्या टोपणाची नळी. जीवाणूच्या पेशीत प्रथिनांचीच एक पोकळ खोली असते: सात-सात घटकांची दोन कडी, पाठीला पाठ लावलेली, वर सुटे झाकण. घडी न बसलेले प्रथिन आत शिरते, झाकण लागते आणि त्याला दहाएक सेकंद एकांत मिळतो. खोली त्याला आकार शिकवत नाही. इतरांना चिकटून त्याचा गोळा होऊ देत नाही, एवढेच.

झाकणाविना हे जमत नाही, असे मला दाखवायचे होते; त्यासाठी मी बिनझाकणाच्या खोल्यांचा साठा तयार केला. प्रथिनांचे गोळे होऊन मिश्रण दुधाळ व्हायला हवे होते, ते नितळ राहिले. कोणीतरी झाकण मिसळले, असे मी ठरवले. प्रयोगशाळेतल्या त्या साठ्याची दुसरी किल्ली माझ्या धाकट्या बहिणीकडे होती. तिला तिथे कामाला मीच लावून घेतले होते. "दादा, मी हातही लावला नाही," ती म्हणाली. मी लेखी तक्रार केली. तिची नोकरी गेली. त्याला एकोणीस वर्षे झाली.

ही नळी तिला किल्ली मिळण्याच्या आदल्या दिवशी त्याच साठ्यातून भरून मी घरी आणली होती. हिच्यात झाकण निघाले तर ती निर्दोष. तपासायला एक दुपार पुरते. मी तपासली नाही.

३. राहते घर. काल लिहिले होते की, झाकण सापडले तर घर धाकटीचे, नाहीतर मुलीचे. ती अट खोडून शेजारी सही केली आहे. घर धाकटीचेच. मुलीला हे मान्य आहे. "बाबा, आत्याला फोन तरी करा," एवढेच ती म्हणाली.

पेशीतून काढताना झाकण खोलीला चिकटून येते, म्हणून तीनदा धुवावे लागते. मी घाईत दोनदाच धुतले आणि वहीत तीनदा लिहिले. हे मला तेव्हाही ठाऊक होते. वहीचे पान जोडले आहे.

हा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. शेजारचे घड्याळजी म्हणाले, "हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार का?" मला लाज वाटली. एक प्रत त्यांच्याच हाती आज तिच्याकडे पाठवीत आहे. लिफाफा उघडाच ठेवला आहे.

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. डॉक्टर (सही, या वेळी कागदाकडे पाहून)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ४ मार्च
लिहून देणार: धाकटीचा दादा (सही)